गाडीचं पासिंग किती? : डॅलसच्या एका मराठी कुटुंबाने ट्रॅव्हल ट्रेलर कसा निवडला

माझा आतेभाऊ डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. घरात तो, वहिनी, बारा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. उन्हाळ्यात कोल्हापूरहून आत्या आणि काका येतात, चांगले चार-पाच महिने राहतात. गाडीच्या मागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, घ्यावा हा विचार निघाला तो या दोघांमुळे. काकांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. आत्याचे गुडघे कुरकुरतात आणि बाहेरचं खाणं तिला दोन दिवसांवर सोसत नाही. टेक्ससमध्ये कुठेही जायचं म्हटलं की सहा-आठ तास गाडीत बसणं आलं. वाटेत दर दीड तासाला बरा संडास शोधायचा, रात्री मोटेलच्या खोलीत चोरून भात शिजवायचा, याला वहिनी पुरती वैतागली होती.

ट्रेलर घेणाऱ्यांना एक सल्ला नेहमी मिळतो. वर्षातल्या बहुतेक रात्री जे झोपणार त्यांच्यापुरता घ्या, पाहुण्यांसाठी घेऊ नका. एरवी तो बरोबरच आहे. या घरात मात्र पाहुणे म्हणजेच ट्रेलर घेण्याचं कारण. ते नसतील तर ही चौघं तंबूत मजेत राहतात. त्यामुळे मी पहिल्यापासून धरून होतो की आत्या-काकांना जे लागेल ते आधी ठरवू, बाकीचं मागून बघू.

दादाची यादी वेगळीच होती. दोन स्लाइड-आउट, म्हणजे थांबल्यावर बाहेर सरकणाऱ्या भिंती. मुलांना बंक, म्हणजे एकावर एक झोपायच्या फळ्या. बाहेरच्या बाजूला उघडणारं स्वयंपाकघर. दोन एसी, पन्नास अँपियरचं कनेक्शन, मोठा टीव्ही आणि त्याखाली विजेची शेकोटी. ही शेकोटी म्हणजे नारिंगी दिवा लावलेला दीड हजार वॅटचा हीटर. टेक्ससच्या जुलैमध्ये ती कोण लावणार, हे दुकानात कुणी विचारत नाही. डीलरने त्याला ३१ फुटी ट्रेलर दाखवला होता आणि सगळी यादी त्यात बसत होती. रिकामं वजन ६,१०० पौंड, भरून जास्तीत जास्त ७,६००.

दारावरचा स्टिकर

काका कोल्हापूरला एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. ट्रेलरचा फोटो बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, "ओढणाऱ्या गाडीचं पासिंग किती आहे?" दादा म्हणाला, "बाबा, पाच हजार पौंड ओढते." काका म्हणाले, "ओढते किती ते नव्हे. अंगावर किती घेते?"

सगळ्या प्रकरणाची किल्ली या प्रश्नात होती. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात तो आकडा ओढण्याच्या ताकदीचा. अमेरिकेत तो आकडा काढायची एसएई जे २८०७ नावाची प्रमाणित पद्धत आहे. तिच्यातला चढावाचा कस ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटावरून ठरवलेला आहे. पण त्या चाचणीत गाडीत धरतात दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसं. तिसऱ्या रांगेत आजी-आजोबा आणि डिकीत तांदळाची पिशवी धरलेली नसते.

ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर जात नाही. त्यातला दहा ते पंधरा टक्के भाग पुढच्या दांड्यातून थेट गाडीच्या मागच्या भागावर बसतो. याला टंग वेट म्हणतात. ते मुद्दाम तेवढं ठेवावं लागतं, कारण दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो. हे वजन गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी अंगावर घेऊ शकते त्या वजनातून, वजा होतं, आणि माणसं, सामान, हिच म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधासुद्धा त्याच पेलोडमधून. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांवर जाता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा त्या मॉडेलचा सरसकट नसतो, त्या एका गाडीचा असतो. सनरूफ, मोठी चाकं, कातडी सीटं असली की तो उतरतो.

दादाच्या सात-आसनी एसयूव्हीच्या दारावर १,३१० पौंड होतं. सहाही जणांना घरच्या काट्यावर उभं केलं. बेरीज ७५५. उरले ५५५. साडेचार हजार पौंडांच्या साध्या ट्रेलरचं टंग वेट साडेबारा टक्क्यांनी ५६० च्या पुढे जातं. म्हणजे एकही पिशवी न चढवता गाडी भरली. ३१ फुटी ट्रेलरचं तर नावच नको.

इथे दादाने जे केलं ते मला आवडलं. ट्रेलर बाजूला ठेवून त्याने आधी गाडी बघितली. पिकअप ट्रकचा विचार झाला, पण सहा जणांत दोघं म्हातारी आणि पुढे-मागे तिघं-तिघं चेपून बसायचं, हे जमणारं नव्हतं. शेवटी त्याने मोठी, ट्रकच्या चेसिसवरची वापरलेली एसयूव्ही घेतली. तिला कारखान्यातूनच टोइंग पॅकेज होतं, म्हणजे मोठा रेडिएटर, सात-पिनी सॉकेट आणि डॅशबोर्डमध्ये ट्रेलरचे ब्रेक चालवणारा कंट्रोलर. ओढण्याचा आकडा ९,००० च्या वर. दारावरचा आकडा १,६९०.

मग काकांनी वहीत उलटा हिशेब मांडला. १,६९० मधून माणसांचे ७५५ गेले, राहिले ९३५. वजन विभागणाऱ्या हिचचे ९०, राहिले ८४५. डिकीतलं सामान आणि आइसबॉक्स १६०, राहिले ६८५. हे ६८५ म्हणजे टंग वेटची कमाल मर्यादा. तेरा टक्के धरले तर भरलेला ट्रेलर सव्वापाच हजार पौंडांच्या आसपास हवा. नऊ हजार ओढणारी गाडी या कुटुंबासाठी सव्वापाच हजारांची निघाली!

डीलरकडचा विक्रेता सज्जन होता. त्याने माहितीपत्रक काढून दाखवलं की मोठ्या ट्रेलरचं टंग वेट फक्त ५६० आहे. ते कोरडं वजन होतं. त्यात पाणी नाही, अंथरुणं नाहीत, कुकर नाही, आणि बहुतेक वेळा बॅटरीही नाही. सात हजारांपर्यंत भरलेल्या त्याच ट्रेलरचं तेरा टक्क्यांनी ९०० च्या वर जातं. माहितीपत्रकातल्या कोरड्या वजनावर ट्रेलर घेऊ नये. ट्रेलरच्या दाराजवळ पिवळा स्टिकर असतो तो वाचावा. सामान किती पौंड भरता येईल आणि पाण्याची टाकी पूर्ण भरली तर त्यातले किती जातील, हे दोन्ही आकडे त्यावर असतात.

सोयीचं वजन

सव्वापाच हजारांचा आकडा हाती आल्यावर यादीवर वाद घालायला जागाच राहिली नाही. दादाला हे पटायला एक रात्र लागली. प्रत्येक सोय आता पौंडांत मोजायची होती.

स्लाइड-आउट पहिल्या फटक्यात गेले. एक स्लाइड म्हणजे मोटर, रूळ, रबरी पट्ट्या आणि मजबूत केलेली चौकट धरून काहीशे पौंड. वजन तर झालंच, पण त्याहून मोठं कारण आत्याचं होतं. कित्येक ट्रेलरांत स्लाइड आत घेतली की संडासाचं दार अडतं किंवा फ्रिज उघडत नाही. म्हणजे रस्त्याकडेला पाच मिनिटं थांबून संडासाला जायचं तर आधी भिंत बाहेर काढा. ज्यासाठी ट्रेलर घेतोय तेच मग हुकलं. स्लाइडवाला ट्रेलर बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला स्लाइड मिटायला सांगा आणि मग आत फिरून बघा. दुकानात ती नेहमी उघडीच ठेवलेली असते.

आत्याची एक कल्पना मात्र मोडावी लागली. "मी आपली मागे पलंगावर आडवी होऊन येईन," असं तिने ठरवून टाकलं होतं. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायला टेक्ससमध्ये कायद्याने बंदी आहे. कायदा नसता तरी काकांनी बसू दिलं नसतं.

झोपण्याच्या जागेवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. छोट्या ट्रेलरांत मोठा पलंग पुष्कळदा कोपऱ्यात भिंतीला लावलेला असतो. आतल्या बाजूच्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. काका रात्रीत दोन-तीनदा उठतात. तेव्हा दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग हवाच, आणि तिथून संडासापर्यंत पायरी नको. मुलांना मागे दोन बंक. राहिले दादा-वहिनी, त्यांच्या वाट्याला जेवणाचं टेबल खाली पाडून होणारी जागा आली. वहिनी म्हणाली, "म्हणजे रोज रात्री टेबल मोडायचं आणि रोज सकाळी मांडायचं आम्हीच." ते खरंच होतं. पण आत्या-काका बरोबर असतील तेवढ्याच रात्रींचा तो प्रश्न, एरवी पलंग यांचाच. चांगल्या हवेत दोघं बाहेर तंबू लावतील, असंही ठरलं. तिने हो म्हटलं, पण त्या बदल्यात स्वयंपाकघराचा निर्णय पूर्णपणे आपल्याकडे घेतला. सौदा बरा होता.

पायऱ्या ही छोटी गोष्ट कुणाच्या यादीत नव्हती. जुन्या पद्धतीच्या पायऱ्या दाराखाली लटकतात आणि पाय ठेवला की झुलतात. नवीन पद्धतीच्या पायऱ्यांचे पाय जमिनीला टेकतात. आत्या दोन्हींवर चढली-उतरली आणि लगेच निकाल लागला. सोबत हाताला धरायला लांब कठडा.

फोडणी, भांडी आणि संडास

अमेरिकन ट्रेलरमधलं स्वयंपाकघर सकाळची अंडी आणि रात्रीचा गरम केलेला डबा एवढं धरून बनवलेलं असतं. वहिनीने तीन प्रश्न विचारले आणि विक्रेत्याला एकाचंही उत्तर पटकन देता आलं नाही.

शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की जाळीतून गाळून परत घरातच सोडतो? स्वस्त ट्रेलरांत दुसरा प्रकार असतो. मोहरी तडतडली की धूर पलंगापर्यंत जातो आणि धुराचा अलार्म कोकलतो. बाहेर टाकणारा पंखा असला तरी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला त्याचं झाकण खटक्यांनी बंद केलेलं असतं. ते फिरवून उघडलं नाही तर पंखा नुसताच आवाज करतो. छतावरचा चौदा इंची झडपेचा पंखा मोठ्या पात्यांचा आणि उलटसुलट फिरणारा असेल तर फोडणीचा वास खरा तोच काढतो.

दुसरा प्रश्न ओट्याचा. पोळपाट ठेवून दोन्ही बाजूंना हात मोकळे राहतील का? बहुतेक ठिकाणी नाही. ओव्हनवर मात्र चारशे डॉलर जास्त मागत होते, आणि ओव्हन ती घरीही तव्या-पातेल्यांचं कपाट म्हणूनच वापरते. ओव्हन नसलेला, त्या जागी खोल कप्पा असलेला नमुना तिने पसंत केला.

तिसरा प्रश्न बाहेरच्या स्वयंपाकघराचा. मला ते खेळणं वाटतं. दोन शेगड्या, एक बुटका फ्रिज, वर फळी, आणि त्यासाठी आतल्या बंकची जागा खातात. पण सहा जणांचा स्वयंपाक टेक्ससच्या उन्हाळ्यात आत करायचा नाही, हेही तितकंच खरं. त्यावर तोड निघाली ती ट्रेलरच्या बाहेर असलेल्या गॅसच्या झटपट जोडणीतून. ती असली की घडीच्या टेबलावर साधी दोन बर्नरची शेगडी लावता येते, वर मांडवासारखं ऑनिंग. एक पथ्य आहे. तिथे येणारा गॅस ट्रेलरच्या रेग्युलेटरमधून आधीच कमी दाबाने आलेला असतो. स्वतःचा रेग्युलेटर असलेली शेगडी त्यावर मिणमिणते आणि कुकरची शिट्टी होत नाही. शेगडी कमी दाबाचीच घ्यायची.

आता पाणी. ट्रेलरला तीन टाक्या असतात. स्वच्छ पाण्याची, भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची म्हणजे ग्रे, आणि संडासाची म्हणजे ब्लॅक. या कुटुंबाच्या मनातली ठिकाणं होती टेक्ससची स्टेट पार्कं, पालो ड्युरो कॅनियन, गार्नर वगैरे, एखाद्या वर्षी बिग बेंड, आणि ऑगस्टमध्ये कोलोरॅडो. स्टेट पार्कांत आरव्ही, म्हणजे ट्रेलरसारखी चाकांवरची घरं, लावायच्या जागांवर पाणी आणि वीज साधारणपणे मिळते, गटाराची जोडणी मात्र क्वचित. सांडपाणी टाकायला पार्कात एक समाईक डंप स्टेशन असतं. म्हणजे पाणी हवं तेवढं येणार आणि जायला वाट नाही. अशा ठिकाणी स्वच्छ पाण्याच्या टाकीचा आकार बिनमहत्त्वाचा. किती दिवस राहता येईल हे ग्रे टाकी ठरवते. खरेदी करताना लोक नेमकं उलटं बघतात.

सहा माणसांचा हिशेब मांडला. दोन वेळची भांडी, तोंड धुणं, मुलांचे हात, एक-दोन घाईच्या आंघोळी. तीस गॅलन, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आत, दोन दिवसांत भरतं. ते जमिनीवर सोडायला बंदी आहे. आंघोळी पार्कातल्या स्नानगृहात. भाजीची कढई धुण्याआधी कागदाने पुसून घ्यायची, म्हणजे तेल-हळद टाकीत जात नाही. आणि एक चाकांची फिरती टाकी, जिच्यात ग्रेचं पाणी घेऊन ती डंप स्टेशनपर्यंत ओढत नेता येते. या फिरत्या टाकीइतकी स्वस्त आणि उपयोगी वस्तू त्यांच्या खरेदीत दुसरी नाही.

संडासाबद्दल मराठी माणसं इथे उघड बोलत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. आपण पाणी वापरतो. ट्रेलरचा संडास पायाने झडप दाबून थोडक्या पाण्यात चालतो, आणि फवारा बसवला की टाकी लवकर भरते. पण पाण्याचा फायदाही आहे. ब्लॅक टाकीचं सगळ्यात वाईट दुखणं म्हणजे कमी पाणी आणि जास्त कागद यांमुळे झडपेखाली साचणारा घट्ट ढीग. पाणी वापरणाऱ्या घरात तो होत नाही. हातातला फवारा बसवून घेतला, आणि संडास उंच बैठकीचा, चिनी मातीचा. प्लॅस्टिकचा हलका असतो, पण बुटका, आणि आत्याला त्यावरून उठता येईना. इथे आम्ही वजन मोजलं नाही.

पाण्याचं वजन मात्र मोजावंच लागतं. एक गॅलन ८.३ पौंडांचं. त्रेचाळीस गॅलनची टाकी भरली की साडेतीनशेच्या वर. जिथे नळ आहे तिथे निघताना पंधरा गॅलन पुरतात, वाटेतल्या संडासापुरते. सव्वादोनशे पौंड तिथेच वाचले. टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे यावरून टंग वेटही बदलतं, तेव्हा तीही जागा वाकून बघून ठेवली.

तीस अँपियरमध्ये काय काय

पन्नास अँपियरचं कनेक्शन दोन एसींसाठी लागतं. चोवीस फुटांच्या ट्रेलरला १५,००० बीटीयूचा एकच एसी पुरतो, छतातून नळ्यांनी फिरवलेला असला की झालं. तीस अँपियर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॅट. एसी दीड ते पावणेदोन हजार खातो, पाणी तापवण्याची टाकी विजेवर १,४००, मायक्रोवेव्ह तितकाच, वहिनीचा विजेचा कुकर हजार. एसी चालू असताना यातलं एकच काही लावायचं, आणि पाणी गॅसवर तापवायचं. हे नियम मुलीने रंगीत पेनाने लिहून स्विचबोर्डाशेजारी चिकटवले आहेत. कँपग्राउंडचा खांब सदोष असू शकतो, म्हणून कमी-जास्त व्होल्टेजला वीज तोडणारा रक्षक घेतला. तो ऐच्छिक समजू नये.

फ्रिजवर मात्र मी बराच वेळ घातला, कारण त्यात इन्सुलिन राहणार होतं. जुन्या पद्धतीचा फ्रिज अमोनियाचा असतो, गॅसवर किंवा विजेवर चालतो. त्याला बॅटरी जवळपास लागत नाही ही मोठी खुबी. पण ट्रेलर सपाट नसला तर तो बिघडतो, आणि चाळीस अंशांच्या उन्हात तो धापा टाकतो. इन्सुलिनला दोन ते आठ अंश सेल्सियस हवेत. नवीन पद्धतीचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज थंडीच्या बाबतीत घरच्यासारखा भरवशाचा, पण दिवसाला पन्नासेक अँपियर-तास बॅटरी घेतो. कॉम्प्रेसरवाला घेतला आणि बॅटरी त्याप्रमाणे ठरवली.

वीज नसलेल्या जागी, समजा कोलोरॅडोत आठ-नऊ हजार फुटांवर, रात्री गॅसची भट्टी चालते. गॅस जळतो तरी तिचा पंखा बॅटरीवरच, सात-आठ अँपियर. सहा तास चालला तर आणखी पन्नास अँपियर-तास गेले. पंप-दिवे धरून दिवसाला सव्वाशेच्या घरात. शिशाच्या एका बॅटरीतून वापरता येणारे चाळीसेक म्हणजे काहीच नाही. शंभर-शंभरच्या दोन लिथियम बॅटऱ्या घेतल्या. त्यांना धार्जिणा नसलेला जुना चार्जर बदलला, आणि त्या पलंगाखाली, घरातच ठेवल्या, कारण शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नसते. छतावर दोनशे वॅटचं सोलर पॅनेल, चांगल्या उन्हात पन्नासपर्यंत परत देतं.

पॅनेलचा खरा उपयोग मात्र कँपिंगला नाही. दादाच्या वसाहतीच्या नियमांत घरासमोर ट्रेलर उभा करायला मनाई आहे. तो महिनोन्‌महिने भाड्याच्या मैदानात उभा असतो, आणि तिथे वीज नाही. गॅस-गळतीचा अलार्म बॅटरी सतत कुरतडत असतो, आणि पॅनेल ती भरून काढतं.

नवा की वापरलेला

अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या कारखान्यांत बनतात. करोनानंतरच्या लाटेत, २०२१ साली, तिथून आणि इतर कारखान्यांतून ६ लाख आरव्ही बाहेर पडल्या. २०२३ मध्ये हाच आकडा सव्वातीन लाखांच्या आत आला. लाटेत घाईने बनलेला माल आता वापरलेल्यांच्या बाजारात स्वस्त मिळतो. त्यातला कुणी तरी आधीच दुरुस्त करून वापरलेला असेल तर तो नव्याहून बरा, असं माझं मत आहे. नव्यातले दोष शोधण्यात पहिला उन्हाळा जातो.

त्यांनी तीन वर्षं वापरलेला घेतला, स्वतंत्र तपासनिसाकडून बघून. ट्रेलर मरतो तो पाण्याने. छताचे सांधे, झडपांच्या कडा, कोपरे, इथलं सीलंट वर्षातून दोन-तीनदा बघावं लागतं. एकदा पाणी लाकडी सांगाड्यात शिरलं की बाहेरून काही दिसत नाही. तपासनिसाने ओलावा मोजणारं यंत्र प्रत्येक कोपऱ्याला लावलं. काकांनी त्याच्या मागून फिरत स्प्रिंगांच्या पट्ट्या, बेअरिंगचं ग्रीस आणि टायरांवरची चार आकडी तारीख बघितली. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर ट्रेलरपेक्षा वर्षभराने जुने निघाले. ते विकणाऱ्याच्या खर्चाने बदलून घेतले.

ट्रेलर असा : दांड्यापासून मागच्या बंपरपर्यंत चोवीस फूट, दोन ॲक्सल, भरून जास्तीत जास्त ५,५०० पौंड, पिवळ्या स्टिकरवर सामानाला १,२९०. दारे-खिडक्यांचे रंग कसे आहेत हे घरी आणल्यावर कळलं.

टेक्ससमध्ये साडेचार हजार पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. याला ते होते, आणि गाडीत कंट्रोलर होताच. हिच वजन विभागणारी, आणि डुलणं रोखणारी. अमारिलोकडे जाताना २८७ नंबरच्या रस्त्यावर आडवा वारा असा येतो की त्या वेळी हिचवरचे पैसे कमीच वाटतात.

भरल्यावर

पहिल्या मोठ्या प्रवासाआधी सगळं भरून, सहाही जणांना बसवून, महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी नेली. एकदा ट्रेलरसकट, एकदा सोडून. ट्रेलर ५,११० भरला, टंग वेट ६५०, म्हणजे पावणेतेरा टक्के. मर्यादेत, पण पुढे फक्त ३५ पौंडांची जागा. काकांनी तेवढ्यावर टीव्ही काढायला लावला, आणि डिकीतला पाण्याच्या बाटल्यांचा खोका ट्रेलरमध्ये चाकांच्या वर हलवला.

पालो ड्युरोला दरीत उतरणारा तीव्र उतार खालच्या गिअरमध्ये निभावला. बिग बेंडला वीस फुटांवरचे ट्रेलर चिसोस बेसिनच्या नागमोडी रस्त्याने नेऊ नका असं पार्कच सांगतं, म्हणून ट्रेलर खाली रिओ ग्रँड व्हिलेजला लावून ते गाडीने वर गेले. ३१ फुटी असता तरी तिथे हेच करावं लागलं असतं, पण पार्कात लावायला जागा मिळायची पंचाईत झाली असती. वाटेत दर दीड-दोन तासाला थांबायचं, आत्याने आत जाऊन यायचं, वहिनीने फ्रिजमधलं ताक काढायचं, हे सुरळीत चालतं.

चाललं नाही ते एकच. टेबल मोडून केलेल्या पलंगाच्या गाद्यांमधल्या फटी दादाच्या पाठीला लागतात. वर घालायला जाड घडीची गादी आणली, ती अठरा पौंडांची आहे, आणि तिची नोंद वहीत झाली आहे. बंक ७४ इंच लांब आहेत. मुलगा ज्या वेगाने वाढतोय त्यावरून अजून तीन-चार वर्षं पुरतील, त्यानंतर ट्रेलर विकायचा असं आत्ताच ठरलं आहे. म्हणून छताच्या सीलंटच्या तारखा, बेअरिंगचं ग्रीस आणि प्रत्येक वेळचं काट्यावरचं वजन काका फोनवरून विचारून लिहून ठेवतात. टायर जास्त भाराच्या श्रेणीचे घ्यावेत असा दादाचा आग्रह होता. काकांनी चारही टायरांची क्षमता जोडून दाखवली : प्रत्येकी १,७६०, एकूण ७,०४०, आणि ॲक्सलवर येतात साडेचार हजारांच्या आत. जास्त श्रेणीच्या टायरला हवेचा दाब जास्त लागतो, आणि तो सध्याच्या रिमला चालतो का, हे रिमवर कोरलेल्या आकड्यावरून बघितल्याशिवाय टायरवाल्याकडे जायचं नाही, असं त्यांनी कोल्हापूरहून बजावून ठेवलं आहे.